बोरनळचा आजचा किलो

बोरनळचं वजन घटायला लागलं त्याच्या दुसऱ्या वर्षी, भाद्रपदातल्या एका मंगळवारी सकाळी सव्वासातला, यमुना लोणारेचा नवरा अकरा वर्षांनी खाटेवरून उठला, दाराबाहेरच्या नळावर गेला आणि तोंड धुऊन परत आला. यमुना चुलीपाशी होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि मग विचारलं, "कुणी नेलं होतं?"

"कुणी नाही," रघुनाथ म्हणाला. "आपला आपण गेलो."

"पडला असता तर?"

"पडलो की एकदा. लागलं नाही. पिसासारखा खाली आलो."

तो रोज सकाळी उठायचा प्रयत्न करत असे. सोमवारीही केला होता. सोमवारी कमरेनं साथ दिली नव्हती, मंगळवारी दिली. यमुनेनं त्याला वाढलं. पहिल्यांदाच तो भिंतीला टेकून न बसता जेवला, आणि तिनं पाठ फिरवून डोळे पुसले, कारण शेजारच्या घरात तेव्हा सामान बांधणं चाललं होतं. शेजारी पुण्याला जायला निघाले होते. वॉचमनची नोकरी मिळाली होती. अशा वेळी आपल्या घरातून आनंदाचा आवाज जाऊ नये, एवढं तिला कळत होतं.

बोरनळ वजनांचं गाव. शेर आणि छटाक गेले, किलो आला, तेव्हा देशातल्या प्रत्येक किराणा दुकानाला नवी वजनं लागली, आणि त्यातली निम्मी बोरनळ काटा वर्क्समध्ये ओतली गेली. पाच हजारांच्या वस्तीचं पन्नास हजारांचं शहर झालं. जसजसा कारखाना वाढला तसतसं गाव जड होत गेलं. पिंपळाचं पान पडलं तरी घरात ऐकू यायचं. जमीन नऊ फूट खचली, त्यामुळे विहिरींचं पाणी वर आलं आणि बायकांचा शेंदण्याचा त्रास वाचला. एसटी गावात शिरली की ड्रायव्हर गिअर बदलायचा. तालुक्यातले लोक म्हणायचे, बोरनळची सून करायची असेल तर आधी घराचं जोतं पक्कं बांधून घ्या. बोरनळकरांना त्याचा राग येत नसे. जड असणं ही त्यांच्या लेखी खात्या-पित्या घराची खूण होती.

रघुनाथ ओतशाळेत होता. यमुना शिसं खात्यात. लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं. त्यात शिसं ठोकत जायचं, काटा मधोमध आला की थांबायचं आणि वर मुद्रा मारायची. हे काम बायकाच करायच्या. यमुनेनं सव्वीस वर्षं केलं आणि तिच्या हातचं एकही वजन परत आलं नाही.

कारखाना भरात असताना एका दुपारी क्रेनची साखळी निसटली आणि साच्याची पेटी रघुनाथच्या कमरेवर आली. क्रेनवर इस्माईल होता. तो शिडीनं न उतरता वरून उडी मारून खाली आला, त्यानं एकट्यानं ती पेटी उचलली आणि रघुनाथला खांद्यावर टाकून दवाखान्यापर्यंत पळत गेला. पेटी बोरनळच्या वजनाची होती. ती नेहमी आठ जण उचलत. त्यानंतर इस्माईल क्रेनवर चढला नाही. त्यानं नाल्यापलीकडे, हद्दीबाहेर, दोन खोल्यांचं घर बांधलं आणि शेळ्या पाळल्या.

पुढची अकरा वर्षं रघुनाथला गावानं उचललं. आंघोळीला, मतदानाला, गणपतीला, लेकीच्या लग्नात अक्षता टाकायला. गाव जड असल्यामुळे एका वेळी सहा जण लागत. कामावर जाताना लोक वाकून दारातून विचारायचे, "रघुदादा, आज कुठं जायचंय का?" जणू ते रिक्षावालेच होते. रघुनाथनं सगळ्यांची नावं ध्यानात ठेवली. एकूण त्रेसष्ट घरांतली त्रेसष्ट माणसं झाली. पहिलं नाव इस्माईलचं.

मग दुकानादुकानांत आकडे लुकलुकणारे इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि कारखाना बंद झाला. सगळं गाव फाटकापाशी उभं राहून रडलं. यमुनाही रडली.

*

रघुनाथ उठला त्याच्या तिसऱ्या दिवशी गुरुवारचा बाजार होता. सुकट विकणारी एक बाई बाहेरगावाहून यायची, तिच्याकडे स्प्रिंगचा टांगता काटा होता. बोरनळमध्ये असा काटा घरात ठेवणं म्हणजे बाटली ठेवल्यासारखं होतं. स्प्रिंगला इमान नसतं, असं तिथे पोरांना शाळेच्या आधी शिकवत. यमुनेनं पदराखालून आपल्या हातचं एक किलोचं वजन काढलं आणि त्या काट्याला अडकवलं. काट्यानं सहाशे दहा ग्रॅम दाखवलं.

"मावशी, माझा काटा बरोबर आहे," सुकटवाली आधीच म्हणाली.

"तेच बघायचंय," यमुना म्हणाली. तिनं तो काटा विकत घेतला, वजन पिशवीत टाकलं आणि दुपारच्या गाडीनं तालुक्याला गेली. तालुक्याच्या स्टँडवर उतरून तिनं तेच वजन त्याच काट्याला लावलं. पूर्ण हजार. संध्याकाळी बोरनळला परत आली. पुन्हा सहाशे दहा. घरी येऊन तिनं चुलीवरच्या भिंतीवर कोळशानं ६१० लिहिलं. त्या आकड्याला तिचा नवरा उभा राहत होता. त्याच्या वर राहणार नव्हता.

रविवारी कामगार भवनात तिनं हे सांगितलं. युनियनचा सेक्रेटरी दिनकर गवांदे उठला, त्यानं कारखान्यातली पितळी तागडी मागवली, दोन्ही पारड्यांत एकेक किलो ठेवला. काटा मधोमध उभा राहिला.

"बघा वहिनी," गवांदे म्हणाला. "हा आपल्या गावचा काटा आहे. सुकटवालीचा नाही."

"भाऊजी, दोन्ही पारड्यांत आपलंच वजन आहे. दोन्ही सारखीच हलकी झालीत."

"मुद्रा कुणाची आहे ह्यांच्यावर?"

"माझी."

"मग?"

सभेनं टाळ्या वाजवल्या. पुढचं दीड वर्ष बोरनळ दर रविवारी आपल्याच वजनाशी आपलं वजन ताडून बघत राहिलं आणि दर रविवारी काटा मधोमध आला. तोवर भरलेली घागर पोरं करंगळीवर नाचवायला लागली होती. कावळा बसला तर फांदी वाकत नव्हती. जेवण पोटात ठरत नव्हतं, माणसं उगाचच खिशात दगड ठेवून फिरत होती आणि एकमेकांना सांगत होती की मुतखड्यावर उतारा आहे. शेवटी एके सकाळी वारा नसताना गवांदेच्या घराचं पत्र्याचं छप्पर उठलं आणि दोन गल्ल्या सोडून मारुतीच्या पारावर जाऊन बसलं. गवांदेनं ते एकट्यानं काखेत मारून घरी आणलं. वाटेत तो यमुनेच्या दारापाशी थांबला.

"वहिनी, तो काटा आहे का अजून?"

त्या दिवशी किलो पाचशे वीस भरला.

*

रघुनाथनं मात्र त्या दीड वर्षात एकही दिवस वाया घालवला नाही. बोरनळमध्ये रीत होती: ज्यानं तुमचं ओझं उचललं त्याच्या उंबऱ्यावर आपल्या पायानं जायचं, रिकाम्या हातानं, आणि तसं सांगायचं. निरोप पाठवून चालत नाही, त्याला घरी बोलावूनही चालत नाही. रघुनाथ रोज थोडं जास्त चालायचा आणि दहा-बारा दिवसांनी एका घरी जायचा. दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, "तुमचे खांदे दुखले असतील. सांगायला आपल्या पायानं आलो."

"खांदे नाही दुखले, कान दुखले," ओतशाळेतला एक जण म्हणाला. "गणपतीला नेताना सगळी आरती कानात ओरडायचास."

दुसरा म्हणाला, "आता मला कधी नेणार उचलून, ते सांग."

चहा व्हायचा. रघुनाथ परत येऊन यमुनेला सगळं सांगायचा, आणि ती ऐकता ऐकता देवापुढे चिमूटभर साखर ठेवायची. कारखाना बंद पडला म्हणून साखर ठेवणारी ती गावातली एकटीच असावी. तिला त्याची लाज वाटे. तरी ठेवत असे.

चव्वेचाळीस घरं झाली आणि मग रघुनाथला थांबावं लागलं. उरलेली माणसं गाव सोडून गेली होती. कुणी पुण्यात, कुणी भिवंडीत, कुणी सुरतेला. हद्दीबाहेर वजन पुरं होतं. तिथे रघुनाथ उभा राहू शकत नव्हता.

ती माणसं परत आली ती एका ट्रान्सफॉर्मरमुळे. अठरा टनांचा ट्रान्सफॉर्मर घेऊन चाललेला ट्रक एसटी स्टँडपाशी कलंडला. क्रेन मागवायला ड्रायव्हर फोन शोधत गेला. परत येऊन पाहतो तर शिसं खात्यातल्या पाच बायकांनी ट्रक सरळ केला होता, ट्रान्सफॉर्मर वर ठेवून दोर बांधला होता, आणि त्या बाजूला सावलीत बसून शेंगा खात होत्या.

"ह्याचा एक नट ढिला होता," त्यांतली एक म्हणाली. "बसवलाय."

पंधरा दिवसांनी कंपनीची माणसं वह्या घेऊन आली. मग पवनचक्क्यांचे गिअर आले, साखर कारखान्यांचे रोलर आले, एका देवस्थानची तडा गेलेली घंटा आली, बंदरावरून जहाजाचा पंखा आला. जे जगात कुठेच हातानं उचलता येत नव्हतं ते बोरनळमध्ये चार बायका उचलत आणि केसाइतक्या फरकानं जागेवर बसवत. शिसं ठोकून काटा मधोमध आणणारी बोटं होती ती. क्रेनला बोटं नसतात, असं गवांदे म्हणाला. तोवर तो नगराध्यक्ष झाला होता. त्यानं हे वाक्य वेशीवर रंगवून घेतलं.

कुठल्या यंत्राला किती माणसं लावायची हे त्या दिवशीच्या वजनावर ठरायचं. म्हणून नगरपालिकेनं एसटी स्टँडवर फळा लावला आणि यमुनेला नेमलं. रोज सकाळी दहाला ती टांगत्या काट्याला आपलं वजन लावायची आणि फळ्यावर लिहायची: आजचा किलो, इतके ग्रॅम. तिला एकदाही उशीर झाला नाही. सर्वांत हलका दिवस अठ्ठेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यातला होता. त्या दिवशी किलो चारशे ऐंशी भरला. रघुनाथ त्या दिवशी कोर्टाची टेकडी चढून आला.

मग आकडा वर सरकायला लागला. भरलेली पाटी उचलली की जमिनीवर थोडं सांडतंच, तसं प्रत्येक यंत्र जाताना बोरनळमध्ये जरासं वजन ठेवून जात होतं. पाचशे. पाचशे चाळीस. लोक खूश होते. जेवण पोटात ठरायला लागलं. पोरांनी खिशातले दगड फेकून दिले. भिवंडीची माणसं परतली, सुरतेची परतली, बंद घरांची कुलपं निघाली. परतलेल्या प्रत्येकाच्या दारात दुसऱ्या दिवशी रघुनाथ उभा असायचा. यमुना फळ्यावर आकडा लिहायची आणि मागून कुणीतरी म्हणायचं, "वा, दोनानं वाढला." ती खडूची भुकटी झटकायची.

पाचशे अठ्ठ्याण्णवला बासष्टावं घर झालं. उरला इस्माईल.

*

यमुना त्याच्याकडे एकदा जाऊन आली होती. तो दारात बसून शेळीच्या खुरातला काटा काढत होता.

"भाईजान, एक दिवस हद्दीच्या आत या. तिथं ते भेटतील, बोलतील. बास."

"मला कशाचे आभार, भाभी? पेटी माझ्याच साखळीची होती."

"ते म्हणतात, पाडलं साखळीनं, उचललं इस्माईलनं."

"त्याला म्हणावं, तुझा हिशेब चुकतोय." त्यानं शेळीला सोडून दिलं. "आणि मी आत आलो तर त्याची रीत पुरी होत नाही. मलाही माहीत आहे रीत. मीही तिथलाच."

हद्दीच्या दगडापासून त्याचं घर चारशे पावलांवर होतं.

त्याच महिन्यात हद्दवाढीचा ठराव आला. यंत्रांसाठी नव्या शेड हव्या होत्या आणि नाल्याकडचीच जमीन मोकळी होती. हद्दीचा दगड चारशे वीस पावलं पुढे न्यायचा होता. गवांदेनं यमुनेला कचेरीत बोलावलं. तिच्या सहीशिवाय ठराव पुढे जात नव्हता.

"वहिनी, आजचा किलो सहाशे चार. दगड पुढे नेला तर किती होईल?"

"वाढेल. हलकेपणा आहे तेवढाच राहणार, जमीन जास्त होणार. तूप तेवढंच आणि भाकरी मोठी."

"आकडा सांगा."

"सहाशे नऊ ते सहाशे अकरा."

गवांदेला भिंतीवरचा कोळशाचा आकडा माहीत होता. साऱ्या गावाला माहीत होता. तो बराच वेळ पेनचं टोपण लावत आणि काढत राहिला.

"दोन ग्रॅमचं अंतर का ठेवता? तुमचा आकडा कधी असा सैल नसतो."

"तिकडची जमीन उतरती आहे, भाऊजी. पाणथळ आहे. उतरत्या जमिनीवर मी कधी काटा धरलेला नाही."

"मग ठराव थांबवतो. वर्षभर थांबवता येईल. रघुदादाला उचलणाऱ्यांत माझाही खांदा होता. ते माझ्या दारात येऊन उभे राहिले तेव्हा मी दाराआड जाऊन रडलोय, हे कुणाला सांगू नका."

यमुनेनं कागद पिशवीत घातला आणि घरी आली. रघुनाथ जात्याच्या दगडावर बसून शेंगा निवडत होता. तिनं त्याला तिन्ही आकडे सांगितले.

"सही नाही केली तर वर्षभर चालाल," ती म्हणाली. "रोज दोन-तीन ग्रॅम चढतं-उतरतं, मी बघत राहीन. वर्ष नक्की."

"चालून जायचं कुठं?"

"बाजारात. देवळात. कुठंही. नळावर."

"नळावर गेलोय की मी, यमुने." त्यानं निवडलेल्या शेंगा तिच्यापुढे सरकवल्या. "अकरा वर्षं मला दुसऱ्यांनी नेलं. नंतरची आठ वर्षं फुकटात मिळाली. ज्यानं पहिल्यांदा उचललं तोच राहिला, तर बाकीच्या बासष्टांना मी काय म्हणून तोंड दाखवलं?"

"आणि परत खाटेला खिळलात म्हणजे?"

"मग उचलणारे आहेत. आता तर परतही आलेत सगळे."

संध्याकाळच्या उजेडात तिनं सही केली. तिच्या सहीत एकही अक्षर हललं नाही.

*

बुधवारी सकाळी साडेआठला दगड उपटला. तो नगरपालिकेच्या चार माणसांनी उचलला. दगड हद्दीचाच असल्यामुळे पुढचं टोक नेहमी हद्दीबाहेर असायचं आणि मागचं आत. मागच्या दोघांना तो उशीइतका वाटत होता. पुढच्या दोघांच्या मानेच्या शिरा तटतटून फुगल्या होत्या. दगडाच्या मागे रघुनाथ, रघुनाथच्या शेजारी यमुना. तिच्या उजव्या हातात टांगता काटा होता आणि काट्याला तिच्या हातचा किलो. मागे गाव होतं, पण वीस पावलं अंतर ठेवून.

साठ पावलांवर काटा सहाशे पाचवर आला. सव्वाशेवर सहाशे सहा.

"किती?" रघुनाथनं विचारलं.

"बघू नका तिकडे. पायाकडे बघा."

दोनशेवर सहाशे सात. इस्माईल दारात आला होता. शेळ्या त्याच्या आजूबाजूला उभ्या होत्या.

"रघू," त्यानं हाक मारली. "थांब. मीच येतो दगडापर्यंत."

"तू हलू नकोस," रघुनाथ म्हणाला. "तुझा उंबरा हलला तर मी कुठं जाऊ?"

इस्माईल हलला नाही. त्यानं चौकटीला धरून ठेवलं, जणू घरच कुठे जाणार होतं.

तीनशे वीस पावलांवर पुढचा उजवा माणूस थांबला. "होत नाही," तो म्हणाला. मागचा एक जण आपली बाजू सोडून त्याच्या मदतीला पुढे गेला. मागचं उजवं टोक मोकळं राहिलं आणि खाली झुकायला लागलं. रघुनाथनं दोन पावलं टाकली, खाली वाकला आणि ते टोक खांद्यावर घेतलं.

"अहो," यमुना म्हणाली.

"हलकं आहे," तो म्हणाला. "चला. पुढच्यांनी थांबू नका."

मागून गवांदे धावत यायला निघाला. यमुनेनं डावा हात वर केला आणि तो जागीच थांबला. दगड पुन्हा चालायला लागला. तीनशे साठ. सहाशे नऊ. इथून जमीन उतरत होती आणि काटा एका जागी ठरत नव्हता. यमुनेनं श्वास रोखून हात स्थिर धरला. सव्वीस वर्षांत तिनं असा हात धरला नव्हता. काटा सहाशे नऊ आणि सहाशे दहाच्या मधल्या रेघेवर येऊन थरथरत राहिला.

दगडाचं पुढचं टोक इस्माईलच्या अंगणात शिरलं. शेळ्या बाजूला झाल्या. इस्माईलनं चौकट सोडली आणि दोन्ही हात पुढे केले, पण पाय उंबऱ्याच्या आतच ठेवले. उंबरा अकरा पावलांवर होता.

रघुनाथनं डावं पाऊल टाकलं आणि उजवं उचललं. यमुनेनं काट्यावरून नजर काढून उजवं पाऊल जिथून उठलं तिथे पाहिलं. बोरनळमध्ये गेल्या आठ वर्षांत कुणाचं पाऊल मातीत उमटलं नव्हतं. हे उमटलं होतं. पाचही बोटं, टाच, बोटभर खोल.

"यमुने," त्यानं न वळता विचारलं, "किती?"

मागच्या पावलात नाल्याचं पाणी हळूहळू भरत होतं, आणि उजवं पाऊल अजून वर होतं.